पवळ्याचा नैवेद्य

खराबवाडी, चाकण
५ ऑगस्ट २०२५

चि. सुप्रिया,

फोन तू बंद केलास मपला. गावातल्या वर्षालीच्या मोबाइलवरनं लावला, तर आवाज वळखून ठेवून दिलास. बरं. पण पोस्टमनला काय करशील? त्यो पुनावळ्याला तुझ्या दारात येणार आन् तुझं नाव वाचणार. सातवीपर्यंतची शाळा अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. अक्षर वाकडं हाय, वाकडंच वाच.

मी आता नोकरी करते. हसू नकोस. कंपन्यांच्या मागं एक पांढरी बिल्डिंग हाय, तिथं औषधांचा शोध लावतात. त्यांच्या प्राणीघरात मी उंदीर सांभाळते. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणे आन् पाणी द्यायचं. टोपी, गाऊन, तोंडाला मास्क, वहाणासुद्धा तिथल्या वेगळ्या. सगळी मला मावशीच म्हणतात. पंचवीस जणांची मावशी झाले बघ, आन् जिची सख्खी मावशी ती बोलत न्हाई.

उंदीर म्हणजे आपल्या कणगीतले न्हाईत. पांढरे, गुलाबी नाकाचे, हातावर घेतले तर झोपून जातात. पहिल्या आठवड्यात मला किळस आली. मग एक दिवस मिनल मॅडमनी (त्या तिथल्या शास्त्रज्ञ, तुझ्याहून चार-पाच वर्सांनी मोठ्या असतील) सहा उंदरांचा येगळा खण दाखवला आन् म्हणल्या, मावशी, ह्यांना साखरेचा आजार आहे, ह्यांचा भुसा रोज बदला. बाकीच्यांचा आठवड्यातनं दोनदा, ह्यांचा रोज. एवढं पाणी पितात आन् एवढं मुततात. बाटली लावली की संपली. अंगात काडी उरलेली न्हाई.

मला तूच दिसलीस. तू दहा वर्सांची असताना अख्खा तांब्या घटाघटा प्यायचीस आन् रात्री अंथरूण ओलं करायचीस. मी तुला मारलं होतं, सुप्रिया. घोडी झालीस तरी मुततीस म्हणून उलथन्यानं मारलं. ताई गेली तवा तू सहा वर्सांची, तवापासनं मीच तुझी आई आन् मीच मावशी, आन् मला साधं कळलं न्हाई की लेकरू आजारी हाय. त्या दिवशी मी त्या सहाही पिंजऱ्यांचा भुसा दोनदा बदलला.

लग्नाचं काय लिहू? तुझा आजार लपवला ही चूक मपली, मी मान्य करते. इंजेक्शन चोरून घे म्हणलं तेही मीच. पण कौशल्याबाईंच्या कानावर मी लग्नाआधी घातलं होतं, हे तुला आन् जावयांना, सुजितरावांना, मी तवाच सांगितलंय. सासूनं तुझ्या म्हाईत असून गप बसायचं ठरवलं, त्याला मी काय करू? समदा राग एकट्या मावशीवर काढू नकोस.

तुझीच,
गवरामावशी


२४ ऑगस्ट २०२५

चि. सुप्रिया,

पत्र परत आलं न्हाई म्हणजे तू घेतलंस. फाडलं असलंस तरी घेतलंस.

आज तुला एक नवल सांगते. आपल्या पोटात जठराच्या मागं एक अवयव असतो, त्याच्यात बारक्या बारक्या पेशींची बेटं असतात, ती इन्सुलिन करतात. तुझ्यातली ती बेटं मेली, म्हणून तुला सुई. हे तुला डॉक्टरांनी सांगितलं असंल, मला मिनल मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं. तर ह्या मॅडम काय करतात, धडधाकट उंदरातली ती बेटं काढतात आन् साखरवाल्या उंदराच्या पोटात सोडतात. पण अंगाला परकं सोसत न्हाई. सुनेला नवं घर जसं आधी खायला उठतं, तसं अंग त्या परक्या पेशींना खायला उठतं. म्हणून मॅडम त्या पेशी समुद्रातल्या शेवाळाच्या चिकात घालून गोळ्या करतात. मला दाखवल्या. काचेच्या वाटीत भिजलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात, आरपार, आन् मधोमध एक ठिपका.

सहातले पाच उंदीर ह्या आधी फसले. आठ-पंधरा दिवस साखर खाली आली आन् परत चढली. सहाव्याला मॅडमनी गोळ्यांवर नवं कवच चढवून दिलं. तीन आठवडे झाले. त्याची साखर साडेचारशेवरनं एकशेदहावर हाय. सुई न्हाई, गोळी न्हाई, काही न्हाई. सकाळी पिंजऱ्यात हात घातला तर भुसा कोरडा. कोरडा भुसा मुठीत धरून मी रडले, आन् मास्क ओला झाला म्हणून मलाच बोलणी बसली.

त्यांना नावं द्यायची न्हाईत असा नियम हाय. मी दिलं. पवळ्या. आपला पवळ्या बैल आठवतो? तू त्याच्या शिंगाला धरून झोके घ्यायचीस. ह्या पवळ्याचा कान तसाच एका बाजूला दुमडलेला हाय.

त्या प्राणीघराला खिडकी न्हाई. सकाळी सहाला आपोआप दिवा लागतो, संध्याकाळी सहाला आपोआप जातो, तोच त्यांचा दिवस. बाहेर ऊन हाय का आभाळ, काही कळत न्हाई. नुसता पंख्याचा घूं असा आवाज. दुपारी जेवून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकते आन् डोळा लागतो. रोज एकच सपान पडतं. मी भामा नदीत गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी हाय, हातात सुपली हाय, आन् पाण्यावरनं मॅडमच्या गोळ्यांसारखे साबुदाण्याचे दाणे वाहत येतात, आतनं उजेड असलेले. मी सुपलीनं वेचते. काठावर तू फ्रॉक घालून बसलीस आन् ओंजळ पुढं करतीस. एवढे पुरे का, असं मी इचारते. तू म्हणतीस, अजून. तेवढ्यात कुणीतरी मावशी म्हणून हाक मारतं आन् मी उठून पिंजरे धुते.

मी मॅडमना इचारलं, हे माणसाला कधी देणार? त्या म्हणल्या, काही देशांत माणसातल्या पेशी माणसाला देतात, पण त्या मिळतात थोड्या आन् जन्मभर दुसरी औषधं खावी लागतात. हे कवच टिकलं तर पुढं बघू, पण मावशी, कुणाला सांगून आशा लावू नका. म्हणून मी तुला आशा लावत न्हाई. नुसतं सांगते.

भुशाचा वास येणाऱ्या हातांनी,
गवरामावशी


१२ सप्टेंबर २०२५

सुप्रिया, माझे बाय,

वर्षालीनं सांगितलं. पाचवा महिना. आन् हे मला गावातल्या पोरीकडनं कळावं!

रागावले न्हाई. आधी रागावले, मग चुलीपुढं बसून एकटीच हसले. तुझे काका इचारत होते, काय झालं, काय झालं. सांगितलं तर ते गोठ्यात गेले आन् रिकाम्या दावणीशी उगीच उभे राहिले. त्यांचं तसंच हाय.

साखर सांभाळ. दिवसातनं किती वेळा टोचून घेतीस? दवाखान्यात सगळं सांगतीस ना? काही लपवू नकोस. मी सांगते म्हणून न्हाई, पण लपवू नकोस.

आता मागणं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करशीलच. मला बोलाव. मागं बसेन, बोलणार न्हाई, ओटी भरून पहिल्या बसनं परत जाईन. ताई असती तर ती आली असती. तिच्या जागी येते. हिरवी साडी मी घेऊन ठेवली हाय. आतापातूर मी तुला काही मागितलं न्हाई. हे एक दे.

काल सपानात तुझं पोट बघितलं. त्याच्यात दोन्ही होतं, बाळ आन् ते दाणे. बाळ दाण्यांशी खेळत होतं.

वाट बघणारी,
मावशी


२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

चि. सुप्रिया,

काल आपला भादव्यातला पोळा झाला. गावात आता बैलांच्या तीनच जोड्या उरल्यात, त्याबी शर्यतीच्या घाटात गाडे पळवायच्या. त्यांना झुली, गोंडे, डीजे. आमी मातीचे दोन बैल पुजले आन् पुरणाच्या पोळ्या केल्या. काल मपली सुट्टी होती. आज घट बसले, मातीत धान पेरलं, मपला उपास. उरलेली पोळी डब्यात घेऊन कामावर गेले.

तिथं आज वाईट झालं. आज पवळ्याची साखर बघायची होती. सकाळी त्याचं खाणं मीच काढून ठेवलेलं, उपाशीपोटी बघतात म्हणून. अकराला मॅडमनी शेपटीचा थेंब घेतला. दोनशे ऐंशी. परत घेतला. दोनशे ब्याऐंशी. मॅडमनी दोन्ही आकडे वहीत लिहिले. सहा वर्सांचं काम हाय त्यांचं. मग म्हणल्या, हेही कवच गेलं. उशीर केला तर आतल्या पेशी का मेल्या तेही कळणार नाही. गुरुवारी त्याला निजवू आणि गोळ्या बाहेर काढू. निजवू म्हणजे कायमचं.

त्यांनी मला इचारलं, मावशी, ह्याला काही खायला दिलं होतं का? मी न्हाई म्हणलं.

कशी वाढली साखर, देवाला म्हाईत. मला आज अन्न गोड लागत न्हाई, उपास होता ते बरं झालं. दुपारी डोळा लागला, पण नदी आली न्हाई. नुसता काठ होता.

डोहाळजेवणाचं तू काही कळवलं न्हाईस.

गवरामावशी


२४ सप्टेंबर २०२५

सुप्रिया,

मागल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मीच चारलं त्याला.

तू म्हणशील, का? अगं, पोळ्याला जनावराला नैवेद्य चुकवायचा न्हाई. पोळ्याला मपली सुट्टी, म्हणून त्याचा दुसऱ्या दिवशी, एवढंच डोक्यात. त्याला कुणाची झूल न्हाई, गोंडा न्हाई, आन् उपाशी बसलेला, दुमडल्या कानानं मपल्याकडं बघत. उपास हाय हे मला ठावं होतं. पण आपल्यात नैवेद्य म्हणजे काय खाणं धरतात का? एकादशीला प्रसाद हातावर पडला तर आपण न्हाई म्हणतो का? देवाचं हाय, त्यानं उपास मोडत न्हाई. दोन बोटं पोळी, तूप लावून. पुढच्या दोन पायांत धरून त्यानं ती अशी खाल्ली की मला पवळ्या बैलाची जीभ तळहातावर आठवली. तासाभरानं मॅडम थेंब घ्यायला आल्या.

मंगळवारी सपानात पवळ्या बैल आला. दावणीला उभा राहून नुसता बघत होता. मी त्याला पोळी दाखवली. त्यानं तोंड फिरवलं. एवढ्या वर्सांत त्या जनावरानं कधी मपल्या हातची पोळी सोडली न्हवती.

आज सकाळी मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, त्याला मी चारलं होतं. पुरणाची पोळी."

त्यांनी चष्मा काढला. "मावशी, मी सोमवारी विचारलं होतं."

"व्हय. तवा मी न्हाई म्हणलं."

"मला तुमच्या 'नाही'वर भरवसा ठेवावा लागतो," त्या म्हणल्या. "तो उंदीर बोलत नाही. त्याच्या वतीनं तुम्हीच बोलता."

आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी गुरुवारचं रद्द केलं, शुक्रवारी परत साखर बघायची ठरवली आन् मला प्राणीघरातनं काढून पिंजरे धुवायच्या खोलीत टाकलं. नोकरी हाय, पवळ्या न्हाई.

आता बस. हे "न्हाई" मपल्या तोंडात नवं न्हवतं, सुप्रिया. जुनं हाय. तेच लिहायला बसले.

लग्न लागल्यावर पाठराखीण म्हणून मी तुझ्यासंगं तुझ्या सासरी, मोशीला आले. थर्मासमधी बर्फ, त्यात तुझं इन्सुलिन, वर लाडवांचा डबा. सत्यनारायणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, न्हाणीत जायलाबी रांग. सुईसाठी तू दोनदा मला खुणावलंस. मी म्हणलं, एक दिवसानं काय होतंय. आन् शिऱ्याचा प्रसाद तुला मीच दुसऱ्यांदा घ्यायला लावला. प्रसादानं कुणाचं वाईट होत न्हाई, म्हणलं.

दुसऱ्या दिवशी तुला उलट्या लागल्या. गावातले डॉक्टर आले. खोलीत तू, मी आन् कौशल्याबाई. तू डोळे मिटून पडलेलीस. डॉक्टरांनी इचारलं, हिला आधीचा काही आजार? शुगर वगैरे? कौशल्याबाई मपल्या तोंडाकडं बघायला लागल्या, कारण पोर मपली.

मी म्हणलं, "न्हाई. काही न्हाई तिला."

त्यांनी अशक्तपणा समजून ग्लुकोजची बाटली लावली. ग्लुकोज म्हणजे साखर, हे मला ठावं होतं. मी ती बाटली थेंब थेंब बघत बसले. अर्धी झाली. पुरी झाली. तुझा श्वास मोठमोठा व्हायला लागला तरी मी बसूनच होते. लोक काय म्हणतील, आजारी पोर फसवून खपवली म्हणतील, एवढंच डोक्यात. सुजितरावांनी तुला उचलून गाडीत घातलं तवा कुठं मी थर्मास बाहेर काढला. मोठ्या दवाखान्यात तू तीन दिवस शुद्धीवर न्हवतीस.

तिथं सुजितराव मपल्या अंगावर आले, तवा मी भ्याले आन् म्हणलं, तुमच्या आईला सांगितलं होतं मी, लग्नाआधीच. ते खोटं होतं. मी कौशल्याबाईंना कधीच काही सांगितलं न्हाई. त्या बिचारीला काही म्हाईत न्हवतं. ती रडून सांगत होती, आन् मी तिच्यापुढं उभी राहून म्हणलं, आता कशाला पलटता विहीणबाई. तुमी दोघांनी घर सोडलं, पुनावळ्याला खोली केली, अडीच वर्सं तिचं तोंड बघितलं न्हाई. हे मी केलं. पहिल्या पत्रातबी तेच खोटं मी परत लिहिलं. हात जरासुद्धा कापला न्हाई.

तुला न्हाई तर कुणाला सांगू?

गवरा


२८ सप्टेंबर २०२५

सुप्रिया,

शुक्रवारी पवळ्याला मी स्वतः उपाशी ठेवलं न्हाई, दुसरीनं ठेवलं. मी काचेबाहेर हौदाशी उभी होते. साखर एकशेआठ. मॅडम बाहेर आल्या, मपल्याकडं बघून नुसतं एक बोट वर केलं, मग आठ बोटं दाखवली, आन् आत गेल्या. कवच टिकलंय. पुढं त्याला कधीतरी निजवतीलच, ते मला कळतं. पण मपल्या खोट्यापायी न्हाई.

आज रविवार. मोशीला गेले होते. कौशल्याबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या न्हाईत, पण जा असंबी म्हणल्या न्हाईत. मी पायरीवरच बसले आन् तुला लिहिलं तेवढं समदं सांगितलं. वाटलं होतं चप्पल काढतील. त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली. मग म्हणल्या,

"मला तर वाटायला लागलं होतं, तुमी सांगितलं असंल आन् मीच इसरले. रोज आठवून बघते. पोराची आई असून एवढं कसं इसरले, म्हणून."

बाय माझे! अडीच वर्सं ती बाई मपलं खोटं स्वतःच्या डोक्यात शोधत होती.

मग त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या. मला दिलं. तू कशी हायेस ते इचारलं. मी पाचव्या महिन्याचं सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं न्हवतं. पदर तोंडाला लावून रडल्या, आन् रडणं संपल्यावर डोळे पुसून सरळ इचारलं की ती सुई कशी देतात, कधी देतात, जेवणाआधी का मागनं. साखर एकदम उतरली तर काय करायचं. मी पिशवीतनं तुझा तो जुना थर्मास काढला, मपल्याकडंच होता. मेडिकलमधनं सुया आणल्या. आमी दोघींनी ओट्यावर बसून मोसंबीला पाणी टोचलं. पहिल्यांदा त्यांची सुई वाकडी शिरली. सहा मोसंबी वाया गेली. सातव्याला बरोबर टोचलं, दहा आकडे मोजून सुई बाहेर काढली, आन् मपल्याकडं बघून म्हणल्या, असंच ना?

असंच, म्हणलं.

घरी आले तर घटातलं धान वीतभर वर आलंय. आज सातवी माळ.

डोहाळजेवणाला मला बोलावू नकोस. मागितलं होतं, ते परत घेते. हिरवी साडी मी मोशीला ठेवून आले. ओटी कौशल्याबाईंनी भरावी. बोलाव त्यांना, सुप्रिया. त्यांना सुई देता येते आता.

गवरामावशी